नेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे: होलसेल दुकान आणि गोडाऊनचं नेटवर्क कसं उभारायचं

मार्केट यार्डातल्या भुसार-किराणा होलसेल दुकानाचा नमुना घेऊ. खाली काउंटर आणि काटा, वर माडीवर ऑफिस, पाच-सहा किलोमीटरवर गोडाऊन. पाच कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, आठ कॅमेरे, हिशेब-बिलांसाठी टॅली. आपला धंदा हार्डवेअरचा, औषधांचा किंवा कापडाचा असला तरी आकडे थोडेफार बदलतील, मांडणी हीच राहील.

सुरुवातीला एक घोळ सोडवून घेऊ. ‘नेट’ आणि ‘नेटवर्क’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला माडीवरच्या टॅलीशी बोलायला इंटरनेट लागत नाही. मधे एक नेटवर्क स्विच (केबली एकमेकींना जोडणारा डबा) आणि दोन केबली पुरतात. तरीही अनेक दुकानांत फायबर तुटली की बिलिंग थांबतं. कारण सगळं कंपनीच्या फुकट आलेल्या राउटरच्या वायफायवर चाललेलं असतं आणि नेट येईना म्हणून कोणीतरी तोच राउटर दर पाच मिनिटांनी बंद-चालू करत बसतं. म्हणून कागद घ्या आणि दोन रकाने पाडा: नेट गेलं तर काय थांबतं, लाईट गेली तर काय थांबतं. पहिल्या रकान्यात ई-वे बिल, ई-इन्व्हॉइस, बँक, मेल आणि गोडाऊनची जोडणी एवढंच उरलं पाहिजे. यूपीआयच्या साउंडबॉक्सला बहुतेक वेळा स्वतःचं सिम असतं, त्यामुळे तो या हिशेबात येत नाही. दुकानातली टॅली, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग या रकान्यात आलं असेल तर मांडणी चुकली आहे.

केबल

वायफाय मोबाइलसाठी, केबल कॉम्प्युटरसाठी. यात तडजोड करू नका. टॅलीची नोंद लिहिली जात असताना वायफाय क्षणभर तुटलं तर डेटा बिघडू शकतो आणि मग रिपेअर मारत बसावं लागतं.

आधी पॉइंट मोजा. पाच कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, आठ कॅमेरे, वर-खाली एकेक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा): सतरा झाले. प्रत्येकी सरासरी २० मीटर धरले तर ३४० मीटर, वर दहा टक्के वाया जाणारी, म्हणजे साधारण ३७५ मीटर. कॅट ६ केबलचा खोका ३०५ मीटरचा येतो. एक खोका आणि वर १०० मीटरचं बंडल घ्या. केबल मधे जोडायची नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या केबली खोक्यातून आधी काढा आणि जवळचे पॉइंट बंडलातून करा. एका सलग केबलीची कमाल लांबी, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसकट (यंत्राला जोडणाऱ्या छोट्या केबली), १०० मीटर.

खरेदी करताना केबलचं टोक सोलून पाहा. तार चाकूने खरवडली की आतून चंदेरी दिसत असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती स्वस्त असते आणि पहिले सहा महिने चालतेही. पण कॅमेऱ्याची वीज याच तारेतून जाते, ॲल्युमिनियमचा रोध जास्त असतो, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही आणि पंचिंग केलेल्या जागी (तार सॉकेटमध्ये दाबून बसवतात तिथे) ती तुटते. खोक्यावर ‘शुद्ध तांबं’ आणि २३ गेज लिहिलेलं हवं.

भुसाराच्या दुकानात केबलचा मोठा शत्रू म्हणजे उंदीर. लवचीक पाइप ते एका रात्रीत कुरतडतात. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत आणि पोत्यांच्या थप्पीमागे जीआय पाइप वापरा, वर कडक पीव्हीसी चालेल. पाइपची तोंडं उघडी ठेवू नका, सिमेंट किंवा पुट्टीने बुजवा. लाईटच्या वायरीसोबत एकाच पाइपमध्ये ही केबल घालू नका. समांतर न्यायचीच तर वीतभर तरी अंतर ठेवा, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

टोकाला आरजे-४५ (केबलीचा प्लग) लावताना दोन्हीकडे एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ टोकापासून १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. उकलला की स्वस्तातल्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण कॉम्प्युटर गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर जोडला जाऊ शकतो. टेस्टर फक्त तार जोडली आहे एवढंच सांगतो. म्हणून प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून लिंकचा वेग १००० दाखवतोय का ते पाहा. १०० दाखवत असेल तर आठांपैकी एखादी पिन नीट बसलेली नाही किंवा पीळ जास्त उकलला आहे. टोक कापा, पुन्हा लावा. आणि दोन्ही टोकांना नंबर चिकटवा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर पुढे अर्धा दिवस कोणती केबल कुठली हे शोधण्यात जातो.

रस्त्यापलीकडे दुसरी इमारत असेल तर तिथे तांब्याची केबल हवेतून नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट उडतात. दोन कोरची (काचेच्या दोन तंतूंची) सिंगल मोड फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याची केबल फायबरला जोडणाऱ्या डब्यांची) जोडी लावा. एकाच कोरवर चालणारे कन्व्हर्टर घेतलेत तर ‘ए’ आणि ‘बी’ अशी जोडीच हवी, कारण एक ज्या तरंगलांबीवर पाठवतो तिच्यावर दुसरा ऐकतो. दोन ‘ए’ समोरासमोर लावले तर दिवा कधीच लागत नाही, आणि दोष मात्र फायबरला दिला जातो.

स्विच आणि कॅमेरे

कॉम्प्युटर, प्रिंटर, ॲक्सेस पॉइंट, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), राउटर आणि कॅमेऱ्यांचा स्विच मिळून बारा पोर्ट लागतात. सोळा पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या आणि तो बिनपंख्याचा घ्या. धान्याच्या धुळीत पंखा वर्षभरात अडकतो. रॅक जमिनीपासून सहा-सात फूट वर, काट्यापासून लांब.

कॅमेऱ्यांसाठी आठ पोर्टचा वेगळा पीओई स्विच (केबलीतूनच वीज देणारा). इथे एक चूक हमखास होते. दिवसा कॅमेरा चार-पाच वॅट खातो, म्हणून ६० वॅटचा स्विच पुरेल असं वाटतं. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा सात-आठ वॅटवर जातो. आठ गुणिले आठ म्हणजे ६४. मग संध्याकाळी सातनंतर एकेक कॅमेरा आळीपाळीने बंद-चालू होऊ लागतो, दिवसा मात्र सगळं ठीक. तक्रार रात्रीची आणि तपासणी दुपारची, त्यामुळे दोष सापडत नाही. एकूण ९६ ते १२० वॅट देणारा स्विच घ्या.

हार्ड डिस्कचा हिशेब सोपा आहे. एच २६५ (व्हिडिओ आवळून साठवण्याची पद्धत) वर एक कॅमेरा २ एमबीपीएसला लावला तर दिवसाला २१.६ जीबी, आठ कॅमेऱ्यांचे साधारण १७३ जीबी. ४ टीबीच्या डिस्कमध्ये २३ दिवस बसतात. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर ६ टीबी घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क नको, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली सर्व्हेलन्सची डिस्कच लावा.

पत्ते

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, तोच त्याचा पत्ता (आयपी). नव्या राउटरवर बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतं. तेच ठेवू नका. पुढे गोडाऊन जोडायचं आहे आणि दोन्हीकडे एकच पत्ते असले तर जोडणी होतच नाही. दुकानाला १९२.१६८.१०, गोडाऊनला १९२.१६८.२० असं आजच ठरवा. दुकानात शेवटचा आकडा असा: .१ राउटर, .१० टॅलीचा मुख्य कॉम्प्युटर, .२१ आणि .२२ प्रिंटर, .३० एनव्हीआर. बाकीच्यांना राउटरने .१०० ते .२०० मधून आपोआप द्यावेत. ठरलेले पत्ते प्रत्येक यंत्रात जाऊन टाकण्यापेक्षा राउटरमध्येच त्या यंत्राच्या मॅक पत्त्यावर (कारखान्यातून आलेल्या क्रमांकावर) राखून ठेवा. सगळी यादी एका जागी राहते.

प्रिंटर ‘अधूनमधून ऑफलाइन’ दाखवतो या तक्रारीमागे बहुतेक वेळा बदललेला पत्ता असतो. लाईट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, प्रिंटरला नवा नंबर मिळाला आणि कॉम्प्युटर जुन्याच नंबरवर हाका मारत बसला.

आणखी दोन खुणा ओळखीच्या करून घ्या. कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला राउटरकडून काहीच मिळालेलं नाही. केबल, स्विच किंवा राउटर पाहा. पत्ता भलत्याच मालिकेतला दिसला तर कोणीतरी घरचा जुना राउटर ‘वायफाय वाढवायला’ म्हणून आणून जोडला आहे आणि तोही पत्ते वाटतोय. असा राउटर वापरायचाच असेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरच्या नेटचं पोर्ट) न लावता लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावा.

सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाळल्यासारखे लुकलुकत असतील आणि कोणालाच काही उघडत नसेल तर लूप झालाय. झाडलोट करताना लोंबणारी केबल दिसली आणि कोणीतरी भल्या मनाने तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं, असं असतं ते. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, ती गुन्हेगार.

टॅली

टॅली प्राइमचं सिल्व्हर लायसन्स एका कॉम्प्युटरसाठी, गोल्ड एकाच लॅनवरच्या अनेकांसाठी. डेटाचा फोल्डर एकाच मुख्य कॉम्प्युटरवर ठेवा, तो शेअर करा आणि बाकीच्यांना तिथून उघडू द्या. मुख्य कॉम्प्युटरवर एसएसडी, स्वतःचा यूपीएस, आणि झोपेची सेटिंग बंद. कोणी जेवायला गेलं आणि तो कॉम्प्युटर झोपला की काउंटरवर बोंब.

शेअर करताना ‘एव्हरीवन’ला मोकळं सोडू नका. मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक वेगळा युजर तयार करा आणि त्यालाच परवानगी द्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांवर पासवर्डशिवायचं शेअर बहुधा उघडतही नाही. काल चालणारं शेअर आज बंद पडलं तर आधी मुख्य कॉम्प्युटरचं नेटवर्क ‘पब्लिक’ झालंय का ते बघा; ‘प्रायव्हेट’ केलं की निम्म्या वेळा काम होतं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आहेत, त्यामुळे डेटाचा कॉम्प्युटर तरी त्यावर ठेवू नका.

नेटच्या दोन लाइनी

दोन कंपन्यांच्या फायबर घेतल्या म्हणजे सोय झाली असं नाही. दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर एकच ट्रक दोन्ही तोडतो. दोन्ही वायरी गल्लीत कुठून येतात ते बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहा. त्यापेक्षा एक फायबर आणि एक सिमवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर बरा. ड्युअल वॅन राउटर (नेटच्या दोन लाइनी घेणारा) घ्या आणि ‘फेलओव्हर’ लावा, म्हणजे एक लाईन गेली की तो आपोआप दुसरीवर पलटतो. लाईन जिवंत आहे का हे तपासायला कंपनीच्या गेटवेचा (तिच्याकडच्या पहिल्या यंत्राचा) पत्ता देऊ नका, कारण पुढची लाईन तुटली तरी गेटवे उत्तर देत राहतो आणि राउटर पलटतच नाही. १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे बाहेरच्या इंटरनेटवरचे दोन पत्ते द्या. दोन्ही गप्प झाले तरच पलटायचं.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाश येत नाही, राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा. दिवे ठीक पण नेट लंगडतंय, तर डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहा. उणे २७ डीबीएमच्या आसपास गेली असेल तर कुठेतरी फायबर वाकली आहे किंवा कनेक्टरवर धूळ आहे. तक्रार करताना हा आकडा सांगितला तर ‘राउटर रिस्टार्ट करा’चा पाढा एकदाच ऐकावा लागतो.

उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतं, म्हणजे त्या बिलांसाठी नेट हवंच. ई-वे बिल ५० हजारांच्या वरच्या मालाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. या दोन्हींना आता लॉगिनवेळी ओटीपी लागतो. एकच लॉगिन सगळे वापरत असतील तर ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर जातो आणि शेठजी लग्नाला गेलेले असतात. ट्रक दारात उभा. पोर्टलवर प्रत्येक माणसाचा वेगळा सब-युजर करा, त्याच्या त्याच्या मोबाइल नंबरसह.

गोडाऊन जोडणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या महागात पडतात.

पहिली चूक म्हणजे राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) उघडून रिमोट डेस्कटॉप (दूरवरून कॉम्प्युटर चालवण्याची सोय) थेट इंटरनेटवर ठेवणं. असे उघडे पोर्ट शोधणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. पासवर्ड सापडला की डेटा कुलूपबंद होतो आणि खंडणी मागितली जाते. पोर्टचा नंबर बदलल्याने काही वाचत नाही.

करायचं ते असं: दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा), शक्यतो वायरगार्ड प्रकारचं. त्याआधी पाहा की दुकानाच्या लाइनीला स्वतःचा पब्लिक पत्ता (बाहेरून थेट पोचता येईल असा) आहे का. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता जुळवा. वेगळे आले किंवा वॅनचा पत्ता १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मध्ये असेल, तर कंपनीने अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवले आहेत आणि बाहेरून आत येता येणार नाही. दुकानासाठी स्टॅटिक आयपी (न बदलणारा पब्लिक पत्ता) मागा. पैसे पडतात, पण एकाच बाजूला पुरतो. तो मिळतच नसेल तर टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा अशा लाइनीवरही चालते.

वायरगार्डमध्ये दोन्ही राउटरवर किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली जिथली तिथेच राहते, सार्वजनिक किल्ली समोरच्या राउटरला द्यायची. दुकानाच्या राउटरवर वायरगार्डचं पोर्ट यूडीपी ५१८२० उघडा. गोडाऊनच्या बाजूला ‘अलाउड आयपी’त (बोगद्यातून जायच्या पत्त्यांची यादी) १९२.१६८.१०.०/२४, म्हणजे दुकानाचे सगळे पत्ते, आणि बोगद्यातला दुकानाच्या राउटरचा पत्ता एवढंच लिहा. तिथे ०.०.०.०/०, म्हणजे जगातले सगळे पत्ते, लिहिलं तर गोडाऊनचं सगळं इंटरनेट, वॉचमनच्या मोबाइलवरचे व्हिडिओसुद्धा, दुकानाच्या लाइनीतून फिरून जातं. गोडाऊनकडच्या बाजूला ‘कीपअलाइव्ह’ (बोगदा जागा ठेवणारी हाक) २५ सेकंद ठेवा; नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की दुकानाकडून गोडाऊनला हाक पोचत नाही.

बोगदा जोडला, पिंग आली (समोरून उत्तर मिळालं), आणि लगेच मोह होतो की गोडाऊनच्या कॉम्प्युटरवरून टॅलीचा फोल्डर थेट उघडावा. उघडू नका. लॅनवर डेटाच्या एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, इंटरनेटवर वीस-तीस. टॅली एका लेजरसाठी अशा शेकडो फेऱ्या मारते, म्हणून ‘स्पीड १०० एमबीपीएस असूनही’ लेजर उघडायला फार वेळ लागतो. आणि मधेच लाईन तुटली तर डेटा बिघडू शकतो. त्याऐवजी दुकानात गोडाऊनसाठी एक कॉम्प्युटर ठेवा आणि व्हीपीएनमधून त्याचा रिमोट डेस्कटॉप वापरा. मग तारेवरून फक्त चित्र ये-जा करतं, डेटा दुकानातच राहतो. त्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होममध्ये रिमोटने आत येण्याची सोय नाही.

लाईट

रॅकमधल्या वस्तूंचे वॅट मोजा: फायबरचा डबा १०, राउटर १२, स्विच १०, कॅमेरे स्विचसकट ७०, एनव्हीआर २५. सगळं एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर टाकलं तर आतली ७ एएचची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत मान टाकते. पहिल्या तीन वस्तू मिळून ३२ वॅटच होतात. त्यांना तो यूपीएस एकट्यांना द्या, तासाभराच्या वर निघतो. कॅमेरे आणि एनव्हीआर दुकानाच्या इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू करा, साध्या मोडमध्ये पलटायला इतका वेळ लागतो की एनव्हीआर आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, म्हणून तिच्यावर मार्करने तारीख लिहा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नवा स्विच नंतर.

बॅकअप आणि पासवर्ड

टॅलीचा बॅकअप तीन जागी: मुख्य कॉम्प्युटरवर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. बाहेरच्या डिस्का दोन घ्या आणि दिवसाआड बदला. जी वापरात नाही ती काढून घरी. कायम लावून ठेवलेली डिस्क खंडणीच्या व्हायरसने कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचं बिल दिसतंय का ते पाहा.

गिऱ्हाइकांना आणि हमालांना वायफाय द्यायचं तर राउटरमधलं ‘गेस्ट’ नेटवर्क द्या, त्यातून टॅली आणि कॅमेरे दिसता कामा नयेत. कॅमेरे आणि राउटरचे मूळ पासवर्ड बसवणाऱ्याच्या देखत बदला. वेबसाइटचं डोमेन, मेलचं खातं आणि स्टॅटिक आयपीचं बिल मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइलवर असू द्या. साइट बनवणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि तो नोकरीला बेंगळुरूला गेला, की नूतनीकरणाच्या दिवशी शोधाशोध सुरू होते. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं, आणि त्यात तासांचा नाही, मिनिटांचा फरक पडतो.

चाचणी

सगळं बसल्यावर, बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी, एका सुट्टीच्या दिवशी चौघं थांबा. फायबरची वायर उपटा: काउंटरवर बिल करून प्रिंट काढा, मग सिमच्या लाइनीवर ई-वे बिलाचं पान उघडतंय का आणि किती वेळाने ते घड्याळ लावून पाहा. वायर परत लावा. मग मेन स्विच पाडा: कोण बंद पडलं, कोण किती मिनिटं टिकलं ते लिहा. लाईट परत आल्यावर कोणीही हात न लावता प्रिंटर, एनव्हीआर आणि गोडाऊनचा बोगदा आपोआप जोडले जातात का ते बघा. जे जोडलं जात नाही त्याची दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्या. पत्त्यांची यादी, केबलींचे नंबर आणि या चाचणीचे आकडे एका वहीत लिहून ती वही रॅकच्या दाराला आतून दोरीने बांधा. पासवर्ड त्या वहीत लिहू नका, ते गल्ल्याच्या कुलपात.